हिरव्या दिव्याचा धडा

"बाई, तुमची स्कूटर काल लाल दिव्यात गेली."

वर्गाच्या मधोमध खडूने काढलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर बाई उभ्या होत्या. एका हातात लाल पुठ्ठा, दुसऱ्या हातात हिरवा. बाकं भिंतीकडे सरकवली होती. पहिलीतली अर्धी मुलं गाड्या झाली होती आणि अर्धी रस्ता ओलांडणारी. तोंडाने भोंगे वाजवणाऱ्या गाड्या एकदम गप्प झाल्या.

बोलली होती ती वकील. सहा वर्षांची पोर, पुढचे दोन दात पडलेले. कशावरही प्रश्न विचारायची आणि उत्तर पटेपर्यंत खाली बसायची नाही, म्हणून बाईंनीच तिला हे नाव ठेवलं होतं. आता घरचेही तिला त्याच नावाने हाक मारायचे आणि तिला त्याचा कोण अभिमान.

"ती मी नव्हते गं," बाई म्हणाल्या.

"पिशवी तुमचीच होती. निळी."

"निळी पिशवी काय माझ्या एकटीकडेच आहे? तुला भास झाला असेल."

मुलं हसली. वकील मात्र हसली नाही. तिने क्षणभर बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, विचार केला आणि मान हलवली. मग दुसऱ्या कुणी बाई असतील, असं म्हणून ती आपल्या जागी जाऊन उभी राहिली. एवढी वाद घालणारी पोर, पण बाईंचा शब्द तिला पुरला.

बाईंनी वेळ मारून नेली खरी, पण कानशिलं तापली होती. स्कूटर त्यांचीच होती. शाळा सातची. बाईंचे यजमान पाणीपुरवठा खात्यात कारकून. ते त्यांना शाळेत सोडून पुढे कचेरीत जायचे, आणि घरातून निघायला रोज पाच मिनिटं उशीर व्हायचा. पेठेतल्या चौकात त्या वेळी चिटपाखरू नसायचं. लाल दिवा दिसला की यजमान डावीउजवीकडे एक नजर टाकायचे आणि मूठ पिळायचे. मोकळ्या रस्त्यात थांबायचं ते कुणासाठी, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मागे बसलेल्या बाई मांडीवरची पिशवी घट्ट धरायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. हजेरीपटावर लाल शेरा नको, म्हणून रस्त्यावरचा लाल दिवा त्यांनी किती वर्षं चालवून घेतला होता, कुणास ठाऊक.

त्या दिवशी आपली लाज झाकण्यासाठीच की काय, बाईंनी धडा जास्तच जोरात शिकवला. मुलांना ओळीने उभं करून म्हणून घेतलं, हिरवा दिवा लागला की तीन आकडे मोजायचे आणि निघायचं. हिरवा म्हणजे आपली पाळी. आपल्या पाळीला घाबरायचं नाही. वकीलचा आवाज सगळ्यांत वर होता.

तीन आठवड्यांनी, शाळा सुटल्यावर, त्याच चौकात वकील तिच्या आजीचा हात धरून उभी होती. पुढचं सगळं बाईंना कळलं ते कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला. पोरीने मोठ्याने तीन आकडे मोजले. लांबून पावाची गाडी येत होती. ती गाडी जाऊ दे, मग जाऊ, असं आजी म्हणाली. पोर म्हणाली, हिरवा आहे आजी, आपली पाळी आहे, बाईंनी सांगितलंय घाबरायचं नाही. आणि तिने आजीला ओढलं.

गाडी थांबणार नाही हे आजीला आधी कळलं. तिने नातीला दोन्ही हातांनी पुढे ढकलून दिलं. पोरीचे गुडघे फुटले, तेवढंच. आजी मात्र दवाखान्यापर्यंतही पोचली नाही.

पावाच्या गाडीचा चालक काही दारुडा नव्हता की गुंड नव्हता. दोन दुकानांत पाव पोचवायला उशीर झाला होता. चौक मोकळा वाटला, असं त्याने पोलिसांना सांगितलं. चावीवाला हे वाक्य अगदी सहज बोलून गेला. बाईंनी त्याच्या टपरीची फळी धरली.

चौथ्या दिवशी बाई त्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत पोरीचे वडील भिंतीला टेकून बसले होते. आईने बाईंना आत नेलं. पोर खाटेवर बसली होती, गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या. आई दबक्या आवाजात सांगू लागली. पोर धड जेवत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगते, आजी थांब म्हणत होती आणि मी ओढलं. आम्ही तिला म्हणतो, विसर आता. पण आमचंही मन ठिकाणावर नाही. तिचे वडील तर चार दिवसांत तिच्याशी एक शब्दही बोललेले नाहीत. त्यांची आई गेली ना.

बाई घरून सगळं ठरवून आल्या होत्या. पोरीला जवळ घेऊन सांगायचं, तुझी चूक नव्हती. दिवा हिरवा होता, तू बरोबर होतीस. चुकला तो गाडीवाला. आणि तू त्या दिवशी पाहिलंस तेही खरं होतं. ती स्कूटर माझीच होती.

पण पहिलं सांगायचं तर शेवटचंही सांगावं लागणार होतं, आणि दारात पोरीचा बाप येऊन उभा राहिला होता. आमच्या मुलीला हे कुणी शिकवलं, असं त्याने विचारलं असतं तर? त्यांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. नीट जेव, म्हणाल्या. बरं वाटलं की शाळेत ये. आणि पाण्याचा पेला तसाच ठेवून त्या उठल्या. पोर त्यांच्याकडे बघत होती. दारातून बाहेर पडेपर्यंत ती नजर त्यांना पाठीवर जाणवत राहिली.

वकील शाळेत परत आलीच नाही. महिनाभरात ते कुटुंब घर सोडून गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलं.

बाई त्या घरी जाऊन आल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चौकात लाल दिवा होता. यजमानांनी सवयीने मूठ पिळली, तशी बाईंनी मागून त्यांचा खांदा घट्ट धरला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला इथेच उतरवा."

यजमान थांबले. मागे न बघता म्हणाले, "ती गाडी काय मी चालवत होतो?"

"नव्हता तुम्ही. पण तो जे म्हणाला ना, ते रोज तुम्ही म्हणता. आणि मी मागे बसून ऐकते."

त्या दिवसापासून यजमान प्रत्येक दिव्याला थांबले, रस्ता रिकामा असला तरी. बाईंच्या हजेरीपटावर त्या वर्षी सतरा लाल शेरे लागले. मग त्यांनी घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं, आणि मिटलं. दहा मिनिटांचाच तर प्रश्न होता. हे एवढं सोपं होतं, याचाच त्यांना जास्त त्रास झाला.

धडाही त्यांनी बदलला. दिवा हिरवा झाला तरी निघायचं नाही. गाडीची चाकं थांबलेली आपल्या डोळ्यांनी बघायची, मगच पाऊल टाकायचं. मोठं माणूस थांब म्हणालं तर थांबायचं. एका वर्षी एका मुलाने विचारलं, मग दिवा कशाला हवा? बाईंनी हातातले पुठ्ठे खाली ठेवले. दिवा म्हणजे शब्द असतो, त्या म्हणाल्या. ज्यांना आपण ओळखत नाही, त्यांना दिलेला. मी थांबतो, तू ये, असा. आणि कुणी शब्द मोडला तर, असं पोरगं म्हणालं. मोठी माणसं मोडतात, त्या म्हणाल्या. मीसुद्धा मोडलाय.

असं त्यांनी पंधरा वर्गांना सांगितलं. जिला सांगायला हवं होतं, तिचा पत्ता मात्र त्यांनी कधी शोधला नाही. शोधला असता तर सापडला असता. गाव काही एवढं मोठं नव्हतं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी डॉक्टरांनी त्यांना साखर तपासून घ्यायला सांगितलं. रक्त तपासणीच्या केंद्रात बाकावर बसून त्यांनी आपला नंबर येईपर्यंत वाट पाहिली. आतल्या खोलीत पांढरा कोट घातलेली एक मुलगी होती. तिने कागदावरचं नाव वाचलं, बाईंच्या दंडाला रबराची पट्टी बांधली आणि थांबली.

"बाई, मी वकील," ती म्हणाली.

बाईंनी वर पाहिलं. दात आता सगळे होते. डोळे तेच.

मुलीने हातमोजे नीट केले आणि मूठ आवळायला सांगितलं. तिकडे बघा, म्हणाली, दुखणार नाही. सुई आत गेली ते बाईंना कळलंही नाही. भिंतीकडे तोंड करूनच त्या बोलू लागल्या. थांबल्या असत्या तर पुन्हा बोलणं झालं नसतं. त्या दिवशी वर्गात तू म्हणालीस ते खरं होतं, मी खोटं बोलले, ती स्कूटर आमचीच होती. सतरा वर्षं हे मनात घेऊन फिरतेय.

मुलगी नळीत चढणाऱ्या रक्ताकडे बघत होती.

"कुठली स्कूटर, बाई?"

बाईंनी सगळं सांगितलं. निळी पिशवी, लाल दिवा, हसलेली मुलं. मुलीने आठवून पाहिलं आणि मान हलवली.

"मला नाही आठवत हे," ती म्हणाली. "तुम्ही घरी आला होतात, ते आठवतं."

बाईंनी भिंतीकडून मान तिच्याकडे वळवली.

"घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. तुम्ही आलात तेव्हा वाटलं, आता बाई सांगतील सगळ्यांना. बाबा दारातच होते. तुमचं त्यांनी ऐकलं असतं." तिने सुई काढली आणि तिथे कापूस ठेवला. "तुम्ही डोक्यावरून हात फिरवून गेलात. मग मला वाटलं, म्हणजे चूक माझीच."

तिच्या आवाजात राग नव्हता. नळीवर कागदाची पट्टी चिकटवता चिकटवता, रोजचं काही सांगावं तसं ती सांगत होती.

"तुझी चूक नव्हती," बाई म्हणाल्या. "तू बरोबर होतीस."

"हो," मुलगी म्हणाली. "आता कळतं मला ते. बाबांना मात्र शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही."

बाहेरून पुढच्या नंबराचा माणूस डोकावला. मुलीने त्याला हाताने थांबायची खूण केली. बाईंचा कोपर हलकेच दुमडून तिने कापसावर त्यांचंच बोट ठेवलं, पाच मिनिटं दाबून धरा म्हणाली, आणि हाताला धरून बाकापर्यंत आणून बसवलं. बाईंना तिला आणखी काही विचारायचं होतं, पण ती आत गेली आणि पुढच्या माणसाला नाव विचारू लागली.

बाई बाकावर बसून राहिल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आत एकामागून एक माणसं जात होती आणि प्रत्येकाला ती शांतपणे तेच सांगत होती, तिकडे बघा, दुखणार नाही. रक्त केव्हाच थांबलं होतं. बाईंनी कापूस दाबूनच धरला होता.