सकाळी कुणी खाली आले नाही

मित्रांनो, मी एक जुनी राखाडी मोटार आहे. माझा मागचा बंपर एका बाजूने बसला आहे आणि डावा आरसा चिकटपट्टीच्या आधाराने उभा आहे, पण त्याचे मला काही वाटत नाही. ज्याचे वाटते ते सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी आरशासारखी चकाकत होते. माझे पहिले मालक एक वयस्कर डॉक्टर. त्यांची नजर मंदावली तेव्हा त्यांनी मला एका जोडप्याला विकले, आणि त्यांच्याकडे मी अजून आहे. घर चौथ्या मजल्यावर, माझी जागा खाली भिंतीलगत. नवरा विमा कचेरीत. बायको, जिला मी मनातल्या मनात बाई म्हणते, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत. तिथले कुलूप भल्या सकाळी तिने उघडायचे. उपाशीपोटी आलेली माणसे दाराशी ताटकळत असतात, आणि त्या वेळेला बस नसते. म्हणून मी.

बाई माझ्यावरच गाडी शिकली. नवरा शिकवायचा, पण बसायचा मात्र दाराची मूठ घट्ट धरून, आता उडी मारायची वेळ आलीच अशा थाटात. तरी ती शिकली, आणि छान शिकली. एका चावीत चालू होणारी म्हणून तेव्हा साऱ्या इमारतीत माझे कौतुक होते.

मग एका हिवाळ्यात माझे बिघडले. सकाळी बाई चावी फिरवायची आणि मी नुसती खोकायचे. चालू झालेच तर सगळे अंग थरथरायचे, आणि तिने गिअर टाकला की बंद. असे बराच वेळ चाले. एकदा का इंजिन तापले की मी शहाण्या मुलीसारखी धावू लागे.

कारण अगदी क्षुल्लक होते. माझ्या पोटात बोटाएवढा एक सेन्सर आहे. इंजिन किती गार आहे हे त्याने माझ्या कॉम्प्युटरला कळवायचे. थंडीत माणसाला जास्तीचे पांघरूण लागते, तसे मला सुरुवातीला जास्तीचे पेट्रोल लागते. हा पठ्ठ्या बिघडला होता. मी गारठलेली असताना तो खुशाल कळवी की ही तापली आहे, हिला थोडकेच द्या. मग उपाशीपोटी मी काय धावणार? दुपारी मी खरोखरच तापलेली असे, तेव्हा त्याचे खोटे आपोआप खरे ठरे.

आणि नवरा मला तपासायचा तो दुपारी. बाई कामावरून आली की तो चावी घेऊन खाली उतरे, आणि मी मेली लगेच चालू होई. "बघ, माझ्या हातात कशी चालू होते," तो म्हणायचा. वर सासूबाईंचे ठरलेले होते, "नाचता येईना, अंगण वाकडं."

बाई भांडली नाही. एवढेच म्हणाली, "अहो, एकदा सकाळी माझ्याबरोबर खाली या. काही करू नका, नुसतं बघा." तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी जिन्याकडे बघत ती थोडा वेळ थांबली, आणि मग एकटीच माझ्यात येऊन बसली. पुढेही तो कधी आला नाही. त्याची झोप मोडत नव्हती म्हणे.

कामावरून परस्पर ती मला गॅरेजमध्ये नेई. तिथे पोचेपर्यंत मी गरम. मिस्त्रीने प्लग बदलले, मग बॅटरी बदलली. त्या बॅटरीचा काही दोष नव्हता. चांगली धडधाकट बॅटरी बिचारी भंगारात गेली. मला रात्रभर ठेवून घ्या, असे बाई त्याला सांगून थकली. पण त्याच्याकडे जागा नव्हती, आणि नवऱ्याला मी संध्याकाळी हवी असे. शेवटी मिस्त्री म्हणाला, "वहिनी, गाडीत काही नाही. चावी जरा हळू फिरवत जा."

एका सकाळी तिला फार उशीर झाला. प्रयोगशाळेच्या दाराशी वाट बघणाऱ्या एका आजींना भोवळ आली. प्रयोगशाळेच्या मालकांनी तिथली किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली, आणि पुढच्या महिन्यापासून येऊ नका असे बाईला सांगितले. घरी नवरा म्हणाला, मी सांगतच होतो. महिना संपला तशी बाईने माझी चावी खुंटीला अडकवली.

पुढे माझा हॉर्न बसला म्हणून नवऱ्याने मला गॅरेजमध्ये सोडले. मिस्त्रीला त्या दिवशी उसंत नव्हती, म्हणून मी रात्रभर तिथेच राहिले. सकाळी मला वाटेतून बाजूला घ्यायला त्याने चावी फिरवली, आणि मी खोकले. तो चमकला. त्याने तपासणीचे मशीन जोडले, मग इंजिनावर हात ठेवला. इंजिन थंडगार, आणि मशीनवर आकडा मैलोन् मैल पळून आलेल्या इंजिनाचा. सेन्सर बदलायला त्याला चहा निवायला लागतो तेवढाच वेळ लागला.

नवरा न्यायला आला तेव्हा मिस्त्री मान खाली घालून म्हणाला, "वहिनी खरं सांगत होत्या. आमचंच चुकलं. त्यांना सांगा."

नवऱ्याने हॉर्न वाजवून पाहिला. ते वाक्य त्याने घरापर्यंत आणलेच नाही. मला बोलता येत असते, तर मित्रांनो, मी तेवढे एकच बोलले असते. तो घरी म्हणाला, "गाडी नीट करून आणली आहे. आता तरी नीट चालव."

दुसऱ्या दिवशी बाई तिच्या जुन्या वेळेला खाली आली. सवयीनेच आली असावी. चावी फिरवली, आणि मी एका दमात चालू झाले. चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडली. नवरा नेमका आज जागा होता.

"जमलं की गं तुला शेवटी," तो वरून म्हणाला.

बाईने मला बंद केले. जायचे तर कुठेच नव्हते.

मित्रांनो, तेलपाणी तर सगळेच बघतात. मी एवढेच मागते, की मला गार असताना तपासा. रात्रभर उभी ठेवा, हाताला थंड लागू द्या, आणि मग चावी फिरवा. कुणी सकाळचे दुखणे सांगितले, तर दुपारी जाऊन त्याला खोटे पाडू नका. सकाळी उठा आणि त्याच्याबरोबर खाली या.

मी आता रोज एका चावीत चालू होते. बाई माझ्यात बसत नाही.