पिन तीन फूट पुढे

हरिश्चंद्र ड्रायव्हरचा पाय माझ्यामुळे गेला. उतारामुळे नाही, देवामुळे नाही. मी शिवा मेस्त्री, मालवणात होड्या बांधणारा सुतार. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्यासाठी हळहळू नये.

एकसष्ट साली वखारवाल्या बाळाशेटने लढाईतला एक जुना ट्रक घेतला. गलबताच्या तळाला लागणारे तीस-पस्तीस फुटी लाकडाचे सोट कणकवलीकडून आणायचे, ते ट्रकात मावेनात. म्हणून मुंबईहून मागे जोडायचा एक गाडा आणला. त्याला पुढे बगळ्यासारखी वाकलेली लोखंडी मान. ती मान ट्रकच्या हौद्यात येऊन एका जाड पिनेवर बसते आणि वळणावर पिनेभोवती फिरते. गाड्याचा बराचसा भार त्या पिनेवर. हौदा लाकडी, म्हणून पिन बसवायला मला बोलावलं.

माझं डोकं होडीचं. समुद्रात एका होडीने दुसरी ओढायची तर दोर मागच्या टोकाला बांधतात. मी पिन हौद्याच्या पार शेवटी बसवली, मागच्या चाकांच्या तीन फूट मागे. सोट चढवल्यावर ट्रकची शेपटी बसली. तेव्हा मागच्या स्प्रिंगांच्या कमानींत मी दोन-दोन पाटे जादा घालायला लावले. ट्रक सरळ दिसायला लागला. होडी पाण्यावर सरळ बसली की आमचं काम झालं. ट्रक पाण्यावर चालत नाही, एवढी अक्कल मला नव्हती. ज्याला होती त्याचं मी ऐकलं नाही.

तिसऱ्या खेपेनंतर हरिश्चंद्र माझ्याकडे आला. चार माणसं कामावर होती.

“मेस्त्री, गाडी भरली की स्टेअरिंग हलका लागता. पुढची चाकां जमनीक टेकलीसत असा वाटणाच नाय.”

“रिकामी बरी चलता?”

“रिकामी बरी.”

“मगे सोट हयच ठेव आणि रिकामीच चलव.”

माणसं हसली. तो हसला नाही. म्हणाला, “पिन पुढे घे. मागल्या चाकांच्या माथ्यार. भार चाकांनी घेवक होयो, शेपटेन नाय.”

“माका शिकवतंस? माज्या आज्यान गलबतां बांधल्यान.”

“तुज्या आज्याच्या गलबतांका चाकां होती?”

आता माणसं पहिल्यापेक्षा मोठ्याने हसली, आणि माझ्यावर हसली. माझा लोहार तर भाता सोडून हसला. त्याच क्षणी मला कळलं होतं की हा बरोबर बोलतोय. पिन हलवायला अर्धा दिवस पुरला असता. मी हलवली नाही.

आठ दिवसांनी कट्टा गावाजवळच्या उतारावर त्याने स्टेअरिंग वळवलं आणि ट्रक सरळच गेला. पुढची चाकं नुसती घासत गेली आणि गाडी बांधावर आदळली. सोट घसरून केबिनवर आला. हरिश्चंद्रचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीला परवाना खात्याचे साहेब आले. मला विचारलं, जोडणी बरोबर होती का? मी धुतलेला शर्ट घालून, शाळामास्तरासारख्या मराठीत म्हणालो, “जोडणी योग्य होती. चालकाने वेग आवरला नसावा.” तो ‘नसावा’ माझी हुशारी. खोटं बोलायचं आणि खोटं बोललो असं म्हणायला जागा ठेवायची नाही. हरिश्चंद्रचा परवाना गेला. वेंगुर्ल्यापासून खारेपाटणपर्यंत त्याचं नाव झालं, गाडी ठोकणारा.

ट्रक दुरुस्तीला आला तेव्हा मी पिन तीन फूट पुढे घेतली. लोहाराला सांगितलं, जुन्या जागेचं लाकूड फुटलंय. त्याने जुन्या जागेवर हातोडा मारून पाहिला, लाकूड साबूत होतं.

कट्ट्यावर रस्त्याला लागून हरिश्चंद्रच्या बायकोचं, मथुराचं चहाचं खोपटं आहे. तो दिवसभर तिथे बसून असायचा. अपघाताला आठ महिने होत आले तेव्हा एका सकाळी मथुरा माझ्या दारात उभी.

“शिवादा, ट्रकाची पिन पुढे सरकली म्हणतत आमचे.”

“लाकूड फुटला व्हता गो.”

“माका त्यातला काय कळणा नाय. ते म्हणाले, शिवाक एवढाच विचार, पुढे कित्या घेतलंस. उत्तर नाय दिल्यान तर तशीच परत ये.”

मी लाकूड तासायची वाकस उगाच पुसत राहिलो. ती म्हणाली, “येतंय. चुलीर दूध ठेवलंसा.” शिव्या घातल्या असत्या तर निदान उलटून बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, “आठ महिने का गप्प बसलात? घाबरला होतात?”

“नाय साहेब. चार माणसांत त्याच्यामुळे माजा हसा झाला. आणि तो बरोबर व्हतो.”

“असंच लिहू?”

“तसाच लिवा.”

परत येताना कट्ट्याला उतरलो. हरिश्चंद्र बाकड्यावर होता, कुबडी भिंतीला टेकवलेली. लिहून दिलं ते सांगितलं. परवाना परत मिळेल म्हणालो. त्याने आपल्या मोकळ्या लेंग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. मथुराने दुसऱ्या गिऱ्हाइकाला चहा दिला. मला विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

“पिन चाकांच्या नेमकी माथ्यार घेतलंस?” त्याने विचारलं.

“होय.”

“आणखी चार बोटां पुढे घे. हयसून दिसता माका. चढणीक अजून तोंड उचलता.”

मी हाताची चार बोटं जुळवून पाहिली.

“नव्या ड्रायव्हराक बायको-पोरां आसत,” तो म्हणाला आणि रस्त्याकडे बघायला लागला.

ट्रक दुपारी वखारीत यायचा होता. मी लोहाराला गाठायला निघालो.