रोख चालत नाही

सगळे तिला टाकेबाई म्हणत. खरं नाव वीजबिलावर होतं, तेवढ्यापुरतंच. दुसऱ्या मजल्यावरच्या दीड खोलीत ती सव्वीस वर्षं शिवणकाम करत होती. कुणाच्या पँटची चेन बदल, कुणाचे पडदे आखूड कर, कुणी अंगाने भरलं की शिवण उसवून सैल कर. लग्न केलं नाही, म्हणजे करायचं राहून गेलं. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि धाकटा भाऊ नऊ. त्याला वाढवता वाढवता तिची स्थळं येण्याची वर्षं निघून गेली. भाऊ शिकला, मालवाहतुकीच्या एका कंपनीत ऑफिसात लागला, त्याचं लग्नही तिनेच उभं राहून लावून दिलं.

गेली अडीच वर्षं ती ओव्हरलॉक मशीनसाठी पैसे साठवत होती. इस्पितळाच्या धुलाई विभागाचे मॅनेजर तिला म्हणाले होते, "कडा ओव्हरलॉक करून द्याल तर महिन्याला दोनशे अॅप्रन तुमचे." साध्या मशीनवर कडा सुटतात, दोन धुण्यांत झिरमिळ्या होतात. मशीन छत्तीस हजारांचं. लोक तिला वीस, पन्नास, फार तर शंभर हातावर ठेवत. त्यातून ती छत्तीस हजारांपर्यंत पोचली त्या दिवशी तिने दुपारीच काम बंद केलं, चांगली साडी नेसली आणि हमरस्त्यावरच्या तीन मजली दुकानात गेली.

हे दुकान तिला नवं नव्हतं. मशीन बघायला ती पाच-सहा वेळा येऊन गेली होती. पहिल्यांदा आली तेव्हा काउंटरच्या मागे पाटी होती, "रोखीने घेतल्यास पाच टक्के सूट." त्या सुटीचा हिशोब करतच तिने साठवायला सुरुवात केली होती. पुढच्या वर्षी पाटी गेली. विक्रेता म्हणाला होता, "आता सूट नाही, पण रोख चालेल." आज काउंटरवर काचेची उभी पट्टी होती आणि तिच्यावर छापलेलं होतं, "या दुकानात रोख स्वीकारली जात नाही."

टाकेबाईने ते दोनदा वाचलं आणि तरी पिशवीतून पुडकं काढलं.

"मावशी, रोख नाही चालत," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"अगं, खोट्या नोटा नाहीयेत. मोजून घे."

"खऱ्या असल्या तरी नाही चालत. गल्लाच काढून टाकलाय आमचा." तिने खरंच टेबलाखालची रिकामी खाच दाखवली. "फोनवरून करा."

टाकेबाईने आपला फोन दाखवला. बटणांचा होता.

"मग कार्ड? कार्डाला अडीच टक्के सोय शुल्क लागेल. नऊशे."

"कुणाची सोय?"

मुलगी हसली. हा विनोद तिने दिवसातून चार वेळा ऐकलेला असावा. "नाहीतर आमची हप्ता योजना आहे, बिनव्याजी. पण त्याला पगाराचं खातं लागतं."

खातं तिचंही होतं एके काळी. त्यात तिने बाराशे ठेवले होते. किमान शिल्लक कमी आहे म्हणून बँकेने दर तिमाहीला थोडे थोडे कापले आणि ते संपल्यावर खातं बंद केलं. "चोर निदान रात्री तरी येतो," असं ती तेव्हा शेजारणीला म्हणाली होती. त्यानंतर तिने बँकेचं तोंड पाहिलं नव्हतं.

घरी येऊन तिने भावाला फोन लावला. आयुष्यात त्याच्याकडे तिने पहिल्यांदाच काही मागितलं असेल. तो मात्र लगेच म्हणाला, "एवढंच ना ताई? शनिवारी जाऊ. माझं कार्ड कशासाठी आहे?"

शनिवारी तो आला. पगाराचं खातं पाहून त्याला खुर्ची मिळाली, थंड पाणी मिळालं. टाकेबाई बाजूला उभी होती. मुलीने फोनच्या पडद्यावर त्याला काहीबाही दाखवलं, तो माना डोलवत राहिला आणि मग ताईला जिन्याशी घेऊन आला.

"ताई, कार्डावर नऊशे फुकट जातात. हप्त्यांवर घेतलं तर एक पैसा जास्त नाही. तीन हजारांचे बारा. तू रोख मला दे, दर महिन्याला माझ्या खात्यातून जातील."

"पैसे हातात असताना हप्ते कशाला रे? नऊशे जाऊ देत. विषय संपला म्हणजे झालं."

"तुझ्या काळी तसं होतं. आता रोख देणारा मूर्ख ठरतो."

'तुझ्या काळी' हे तिला लागलं. ती जेमतेम सेहेचाळीसची होती. पण तो शिकलेला, ऑफिसातला. तिने जिन्यातच पुडकं त्याच्या हातात दिलं. त्याने मोजलं नाही, खिशात घातलं. त्याचं हे न मोजणं तिला फार आवडलं. बिल त्याच्या नावावर झालं.

मशीन आलं. चार दोऱ्यांचे कोन वर ओवले की कड अशी सफाईने बांधली जायची, की टाकेबाई पहिले काही दिवस नुसत्या चिंध्यांनाच कडा घालत बसली. पहिल्या महिन्यात दोनशे अॅप्रन गेले, दुसऱ्या महिन्यात दोनशे चाळीस. मॅनेजर म्हणाले, "उशांचे अभ्रेही घ्याल का?" तिने नवा बल्ब लावला, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला.

एकदा भावजय ब्लाउज द्यायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या मशीनमुळे आमच्याकडे मिक्सर आला हो. हप्त्यांवर घेतलं म्हणून दोन हजारांचे पॉइंट मिळाले ना यांना." टाकेबाईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती हसली आणि माप घेत राहिली. पोराने घेतला मिक्सर तर घेतला, असं तिने मनाला समजावलं. मनाला समजावण्याची सवय तिला जुनी होती.

सातव्या महिन्यात, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, दारात दोन माणसं उभी राहिली. एकाच्या हातात कागद, दुसऱ्याच्या हातात दोर आणि घोंगडी. कागदवाल्याने भावाचं नाव घेऊन विचारलं, "इथे राहतात?"

"तो माझा भाऊ. इथे नाही राहत. काय झालं त्याला?"

"त्यांना काही नाही झालं. मशीनचे हप्ते थकलेत. पत्ता हा दिलाय."

टाकेबाईला आधी वाटलं, माणूस घर चुकलाय. मग तिने शांतपणे सांगितलं की मशीनचे पैसे पहिल्याच दिवशी पूर्ण दिलेत, छत्तीस हजार, रोख.

"कुणाला दिलेत?"

"भावाला."

"पावती?"

"भावाकडून पावती घेतं का कुणी?"

कागदवाला वयाने बरा, पन्नाशीचा होता. त्याने स्टुलावर बसून तिला नीट वाचून दाखवलं. तीन हप्ते वेळेवर. चौथ्याच्या तारखेला खात्यात पैसे नव्हते, दंड. पाचवा चुकला, पुन्हा दंड. दोन चुकले की बिनव्याजी सवलत रद्द होऊन पहिल्या दिवसापासूनचं व्याज चढतं. सहावाही गेला. "आज चौदा हजार तीनशे भरले, तर मशीन राहील."

तिच्याकडे अॅप्रनचे पैसे होते. कपाटातून डबा काढून तिने स्टुलासमोर ओतला. मोजले, पंधरा हजारांच्या वर निघाले.

"घ्या. सुटे पण आहेत."

कागदवाल्याने नोटांकडे पाहिलं, हात मात्र मागे घेतला. "बाई, आम्ही रोख नाही घेत. रोख घेतली तर माझी नोकरी जाईल. फोनवर लिंक पाठवतो, तिच्यावर भरा."

तिने भावाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावला तेव्हा फोन बंदच लागला.

"दहा मिनिटं थांबाल?" तिने विचारलं. तो थांबतो म्हणाला. टाकेबाई पदरात पैसे घेऊन जिना उतरली आणि खालच्या किराणावाल्याकडे गेली. किराणावाला तिला पंधरा वर्षं ओळखत होता. त्याच्या दुकानाची ताडपत्रीसुद्धा तिनेच शिवलेली.

"तुमच्या फोनवरून भरा, हे रोख घ्या."

"भरतो की. शेकडा दोन घेईन टाकेबाई, सगळ्यांकडून घेतो."

"घ्या. लवकर करा."

त्याने आधी आपले शेकडा दोन मोजून वेगळे काढले आणि मग तिच्या फोनवर आलेली लिंक आपल्या फोनवर घेऊन उघडली. अंगठा लावला. फोनमध्ये एक चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं आणि लाल अक्षरं आली. त्याने वाचून दाखवली, "ही रक्कम फक्त खातेदाराच्या स्वतःच्या खात्यातूनच भरता येईल." पुन्हा करून पाहिलं. पुन्हा लाल. त्याने सगळे पैसे परत दिले, शेकडा दोनसुद्धा, आणि तिच्याकडे न बघता तराजू पुसू लागला.

ती वर आली. कागदवाला उठून उभा राहिला. "मला तुमचं पटतंय बाई. देवाशपथ पटतंय. पण मशीन तुमच्या नावावर नाही, भांडायलासुद्धा तुम्हाला जागा नाही."

"मग मला दोरे तरी काढू द्या."

तिने मशीनचा पाय उचलून अर्धवट कड घातलेला अॅप्रन ओढून घेतला. चारही कोन उतरवले. सुयांजवळ कापसासारखी जमलेली दोऱ्यांची धूळ ब्रशने झाडली, जणू मशीन सासरी चाललं होतं. दुसऱ्या माणसाने घोंगडी गुंडाळली, दोर आवळला. जिन्यात शेजारपाजारचे उभे होते. कुणीही आत जाऊन दार लावलं नाही.

संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली. तो सोफ्यावर बसला होता, फोन मांडीवर होता आणि चालू होता.

"मीटिंगमध्ये होतो गं."

"मशीन नेलं."

भावजय स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच परत आत गेली.

"मी सोडवून आणतो ताई. फक्त..."

"छत्तीस हजार कुठे गेले?"

तो टाचेने फरशी घासू लागला. लहानपणी खोटं बोलताना तो असाच करायचा. "त्याच आठवड्यात कार्डाचं जुनं बिल भरायचं होतं. म्हटलं, हे आत्ता भरू, हप्ते काय, पगारातून जातील. तीन गेले की! मग कंपनीने पगाराची तारीख बदलली. एकवरून सात. हप्ता तीनला. त्या चार दिवसांत यांचा दंड, बँकेचा दंड. मी भरत होतो गं, पण भरलेलं दंडातच जात होतं."

"मला सांगितलं का नाहीस? माझ्याकडे होते."

"कुठल्या तोंडाने सांगणार?"

"ज्या तोंडाने मला मूर्ख म्हणालास, त्याच."

तो रडला. छत्तीस वर्षांचा बाप्या, हाताच्या पंजाने नाक पुसत. पूर्वी तो रडला की ती आधी त्याला जवळ घ्यायची आणि मग मारायची. आज तिचा हात उठला नाही, कशासाठीच. आत मिक्सर सुरू झाला. भावजयीला आपलं बोलणं ऐकायचं नसेल, असं टाकेबाईला वाटलं. ती उठली आणि चहा न घेता निघाली.

मशीन सुटलं नाही. भाऊ दोन आठवडे फोन करत राहिला, पण दुकानात काउंटरवर सांगत हप्त्यांच्या कंपनीशी बोला, ती कंपनी सांगे दुकानाशी बोला आणि रक्कम दर फोनला वाढत जाई. शेवटी ते लिलावात निघालं. कितीला गेलं, हेही कुणी कळवलं नाही. वर उरलेले पैसे भावाच्या पगारातून कापले जातात, असं कानावर आलं. टाकेबाईला त्याची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला. त्याने एकदा पाकिटातून पाच हजार पाठवले. तिने ते परत केले नाहीत. परत करण्याइतकी ती श्रीमंत नव्हती.

अॅप्रनचं काम दोनशेवरून साठवर आलं. तेवढे ती जुन्या मशीनवर कड दुमडून, दोनदा टीप घालून देई. वेळ तिप्पट जाई आणि दर तोच. मॅनेजरनी तिला तोडलं नाही, हे त्यांचे उपकार. पण चैत्र सरता सरता ते म्हणाले, "टाकेबाई, पुढच्या महिन्यापासून आम्हाला रोख देता येणार नाही. वरून हुकूम आहे. खातं उघडा."

म्हणून ती बँकेत गेली. अडीच तास रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या तरुण कारकुनाने फॉर्म दिला, किमान शिल्लक सांगितली, ती कमी झाली तर किती कापतील तेही सांगितलं. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे." तिने सगळे रकाने सावकाश भरले आणि एक रिकामा ठेवून फॉर्म आत सरकवला.

"वारसाचं नाव राहिलं," तो म्हणाला.

"नसलं तर?"

"लिहाच. तुमच्या माघारी पैसे कुणाला द्यायचे? कुणीतरी असेलच की."

मागच्या माणसाने उसासा टाकला. टाकेबाईने पेन धरलं. शेजारीण आठवली, मॅनेजर आठवले, इकडचे तिकडचे बरेच आठवले. मग तिने भावाचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पुढच्या रकान्यात नातं विचारलं होतं. तिथे तिने लिहिलं, 'सख्खा भाऊ.'

कारकुनाने फॉर्म पाहिला. "मावशी, नुसतं 'भाऊ' पुरे. सख्खा लिहायची गरज नसते."

तिने पेन परत मागून घेतलं आणि तो एक शब्द खोडला.