मास्तरांच्या तोंडची प्रार्थना

मास्तर शिवायचे कोट, पण गाजले ते प्रार्थनेमुळे. चर्चच्या मंडळीत कुणी अंथरुणाला खिळलं की पाळकांच्या आधी त्यांना बोलावणं जायचं. उशाशी उभे राहून ते असा काही आवाज लावत की आजाऱ्याच्या आधी पाहुणेच रडत. निघताना कुणीतरी म्हणायचंच, "मास्तर, तुमच्या तोंडात देव आहे." मास्तर मान खाली घालून 'सगळा महिमा प्रभूचा' म्हणायचे. तेही त्यांना छान जमायचं.

आता अंथरूण त्यांच्याच घरात पडलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. बायकोचा फार तर आठवडा उरला होता.

त्या दुपारी मास्तर शिलाई मशीनवरून उठले, उशाशी आले आणि घसा साफ केला. "हे दयासागर स्वर्गीय पित्या..."

"अहो, तो आवाज नको," बायको म्हणाली.

"कुठला आवाज?"

"लोकांच्या घरी लावता तो. तीस वर्षं ऐकतेय. मला भीती वाटतेय हो. माझ्यासाठी एकदा तरी देवाशी बोला."

मास्तरांचा तिच्यावर जीव होता, त्यात खोट नाही. त्यांनी साधंच सुरू केलं, "देवा, हिला..." आणि आपण किती साधं बोलतोय, तेच त्यांना ऐकू आलं. त्यांनी गुडघे टेकले, तर गुडघे टेकलेले आपण कसे दिसत असू, हे मनात आलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मरत होतं दुसरंच कुणी.

"नाही ना जमत?" ती रागावली नव्हती, हे जास्त लागलं. "मग वरच्या नळवाल्या भाऊजींना बोलवा."

नळवाला म्हणजे उपासनेत चार शब्दांत तीनदा अडखळणारा माणूस. 'तू आपला मनातल्या मनात करत जा,' असं मास्तरांनीच त्याला एकदा प्रेमाने सुचवलं होतं. तरी ते स्वतः जिना चढून गेले.

"हिला तुझी प्रार्थना हवीय."

"माझी? मास्तर, मला कुठं येतं?"

"चल बाबा."

तो हात पुसत आत गेला. मास्तर दाराबाहेरच थांबले. आतून त्याचं चाचरणं सुरू झालं आणि मास्तरांचे डोळे भरून आले. देवाने अखेर आपला गर्व मोडला, असं त्यांना वाटलं. हे मंडळीला सांगायलाच हवं. रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची. सुरुवात जिन्यापासून करावी, आवाज खालीच ठेवावा, आणि 'मी हरलो' म्हणून क्षणभर थांबावं...

"आमेन," आतून बायको म्हणाली. कित्येक दिवसांत तिचा आवाज इतका मोकळा झाला नव्हता.

मास्तर दचकले. तिच्यासाठी काय मागितलं गेलं, त्यातला एक शब्दही त्यांनी ऐकला नव्हता.