अकरा हजार फोटो आणि एक गोलकीपर

प्रसेनजीतची नोंदणी चार वाजून छप्पन्न मिनिटांनी झाली. पण हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही आणि मीही लिहिलेलं नाही. सध्या पावणेचार वाजलेत आणि कुणाचीच नोंदणी झालेली नाही.

शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीची फुटबॉल टीम आहे. टीमला गोलकीपर नव्हता. म्हणजे होता, पण त्यानं लग्न केलं. नवा गोलकीपर प्रसेनजीत, मूळचा गारगोटीचा, कागलच्या एमआयडीसीत कामाला. आज पाचपर्यंत त्याचा फॉर्म आणि फोटो ऑनलाइन गेला तर तो हा हंगाम खेळणार, नाही तर बाहेर बसून शेंगा खाणार. आधीच्या क्लबात राखीव म्हणून त्यानं दोन हंगाम शेंगाच खाल्ल्या होत्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो माझ्या खुर्चीमागं उभा होता. हातमोजे घालून. फॉर्मला हातमोजे लागत नाहीत, हे त्याला सांगायला कुणी धजलं नाही.

तालमीचा कॉम्प्युटर मी बघतो. नाव ऋतुराज, पद तांत्रिक प्रमुख. माझ्या हाताखाली कुणी नाही, त्यामुळे शिस्त चांगली आहे.

कॉम्प्युटर मात्र हलायला तयार नव्हता. माऊस सरकवला की बाण जरा विचार करून निघायचा. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडत होता.

"धाप लागलीया त्याला," अध्यक्ष अण्णासो म्हणाले. "नुसतं बसून असतंय. मेहनत न्हाय."

"थंडाई पाजा," माजी अध्यक्ष गुंडूतात्या म्हणाले. "बदाम जरा जास्त घाला."

हे दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे दोन्ही सल्ले कॉम्प्युटरकडं बघून दिले गेले.

शेवटी प्रसेनजीतनं बहिणीला फोन केला. संघप्रिया पुण्याच्या एका कंपनीचं काम घरातनं करते आणि मोठमोठी मशिनं लांबून ताळ्यावर आणते. ती आली, स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "दुसऱ्या मशिनवर भरा की."

"तालमीचं काम तालमीच्या मशिनवरच हुतंय," दोन्ही अध्यक्ष एकदम म्हणाले आणि एकदम बोललो म्हणून दोघांनी तोंडं फिरवली.

तिनं मला खुर्चीतनं उठवलं आणि टास्क मॅनेजर उघडला. आत कोण किती राबतंय, त्याची यादी आली. सगळ्यात वर 'सर्च' नावाची सर्व्हिस होती. एक्क्याण्णव टक्के.

"ही कोण?" प्रसेनजीतनं विचारलं.

"पडद्यामागं काम करती. कुठली फाईल कुठं हाय, ते आधीच टिपून ठेवती. म्हंजे शोधलं की लगीच सापडावं."

"मग चांगलीच हाय की," अण्णासो म्हणाले.

"चांगलीच हाय. पण तिनं चार-दोन टक्के खावं. हिनं मशिनच खाल्लंय."

"कमिटीत घ्या तिला," गुंडूतात्या कॉम्प्युटरला म्हणाले.

मी वाकून ती सर्व्हिस बंद केली. अर्ध्या मिनिटात परत आली. परत बंद केली, परत आली. आमच्या तालमीतनं राजीनामा दिलेली माणसंसुद्धा चार दिवस थांबतात.

"हाकलून काय उपयोग न्हाय," संघप्रिया म्हणाली. "तिला कोणतरी सारखं काम देतंय. कुठल्या फाईली बदलत्यात, ते बघूया."

तिनं फोटोंचं फोल्डर उघडलं. अकरा हजार फोटो, सामन्यांचे आणि वाढदिवसांचे. ती हाताची घडी घालून बघत बसली. मिनिट बदललं आणि सगळ्या फोटोंचे नंबर बदलले. एक नंबरवर अण्णासो आले. पुढच्या मिनिटाला परत सगळे बदलले. एक नंबरवर गुंडूतात्या आले.

"ऋतुराज."

"हं."

"ह्ये काय हाय?"

सांगायला लागलं. हॉलमधल्या टीव्हीवर तालमीचे फोटो नंबरानं फिरत असतात. जूनमध्ये अण्णासोंनी मला बाजूला घेतलं आणि आपला फोटो पहिला ठेवायला सांगितलं. मी छोटा प्रोग्रॅम लिहिला. रोज सकाळी सगळ्या फोटोंना नव्यानं नंबर, अण्णासो एक. जुलैमध्ये गुंडूतात्यांनी बाजूला घेतलं. मोठ्या माणसाला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी दुसरा लिहिला. मग अण्णासोंनी टीव्ही बघितला आणि त्यांचा प्रोग्रॅम तासावर आला. मग तात्यांनी बघितला. ऑगस्टपर्यंत दोघंही मिनिटावर आले होते, एक मिनिट अण्णासोंचं, पुढचं तात्यांचं. दर मिनिटाला अकरा हजार नावं बदलत होती आणि ती बिचारी सर्व्हिस प्रत्येक नाव नव्यानं टिपून घेत होती. रविवारीसुद्धा.

प्रसेनजीतचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये होता. फॉर्ममध्ये आठ हजार सातशे एक्केचाळीस नंबर निवडावा, तर तो जाईपर्यंत बेचाळीस झालेला. वेबसाइट म्हणायची, फाईल सापडत नाही.

"माझा भाऊ सापडंना व्हय तुमास्नी," संघप्रिया म्हणाली. "एवढा सहा फुटी हाय."

चार चाळीस झाले होते.

"दोन्ही प्रोग्रॅम बंद करायचे," ती म्हणाली.

"करा की," अण्णासो म्हणाले. "आधी त्येंचा."

"आधी त्येंचा," तात्या म्हणाले.

ज्याचा आधी बंद होणार, त्याच्या डोक्यावर दुसरा कायमचा बसणार, हे दोघांनाही कळलं होतं. कॉम्प्युटरमधलं त्यांना तेवढंच कळतं, पण पुरेसं कळतं. चार पंचेचाळीस झाले. प्रसेनजीतनं एक हातमोजा काढला. परत घातला.

"अण्णा, तात्या," तो हळूच म्हणाला, "एक नंबरची जर्सी कुणाची असती?"

 पेठेत या प्रश्नाचं उत्तर न येणारं माणूस अजून जन्मायचं आहे.

"गोलकीपरची," अण्णासो म्हणाले.

"गोलकीपरचीच," तात्या म्हणाले.

संघप्रियानं दोन्ही प्रोग्रॅम एकत्र निवडले आणि एकाच बटणात बंद केले. प्रसेनजीतच्या फोटोला एक नंबर दिला. एक्क्याण्णवचे साठ झाले, साठाचे वीस, मग तीन. पंखा इतका गप्प झाला की गुंडूतात्या दचकले.

"गेला व्हय?" त्यांनी विचारलं. चुकून अण्णासोंकडं बघून विचारलं.

"न्हाय," अण्णासो म्हणाले. "झोपलाय."

अकरा वर्षांतलं हे त्यांचं पहिलं संभाषण. पुढं चार छप्पन्नला काय झालं, ते मला सांगता येत नाही, कारण मी ते लिहिलेलंच नाही. आता टीव्हीवर आधी हातमोजे घातलेला प्रसेनजीत येतो. दोन्ही अध्यक्ष रोज शेजारीशेजारी बसून त्याच्याकडं बघतात. काल त्यांनी मला एकत्र बाजूला घेतलं आणि अर्ज लिहायला सांगितला. सह्या एकाच ओळीवर आहेत, एकीवर एक.

प्रति, मा. कॉम्प्युटर बनवणारे साहेब. विषय: एक नंबरच्या जादा जागा मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मोजणीत एक हा आकडा एकदाच येत असल्याने आमच्या तालमीची तीव्र गैरसोय होत आहे. तरी पुढील मोजणीपासून एक हा आकडा लागोपाठ तीन वेळा मंजूर करावा, तसेच पडद्यामागील सर्व्हिसला मागील तीन महिन्यांच्या रविवारांची बदली रजा देण्यात यावी, ही नम्र विनंती.