उमरझोक आकांचा दंड

मर्गिलानमध्ये कालव्याकाठच्या चायखान्यात दर गुरुवारी दुपारी जी गाप भरते, तिचे पुढारी उमरझोक आका. गाप म्हणजे जुन्या दोस्तांची बैठक. आज एकाने पलोव, म्हणजे मांस-गाजर घातलेला भात, शिजवायचा, पुढच्या गुरुवारी दुसऱ्याने, आणि तो शिजेपर्यंत अख्ख्या मोहल्ल्याची उणीदुणी काढायची. पुढाऱ्याचं काम नियम करणं आणि दंड ठोठावणं. या कामात उमरझोक आकांचा हात धरणारा कोणी नव्हता. उशिरा आलात, दंड. दुसऱ्याचा किस्सा मधेच तोडलात, दंड. सासुरवाडीचं कौतुक केलंत, दंड. सगळ्यात जबर दंड होता फोन वाजल्याचा. ज्याचा वाजेल त्याने पाळी नसताना पुढचा पलोव करायचा, आणि वर कढईही त्यानेच घासायची, सगळ्यांच्या देखत.

हा नियम झाला इनोम मास्तरांमुळे. मास्तरांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण फोन गप्प कसा करायचा ते त्यांना अजूनही उमगलेलं नाही. एकदा खरबुजांचा व्यापारी योल्दोश आपला सगळ्यात गाजलेला किस्सा रंगात येऊन सांगत होता आणि नेमका शेवटाला आला असताना मास्तरांच्या खिशात लग्नाचे ढोल वाजायला लागले. योल्दोशला तो किस्सा परत कधी जमला नाही. तो अजून त्यावरून मास्तरांना टोमणे मारतो.

सरकारचे नियम मोहल्ल्यात भिंतीवर लागत आणि बहुधा भिंतीवरच राहत. त्या वसंतात असाच एक हुकूम लागला की चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तातली साखर तपासून घ्यावी. शेजारी एक चित्रही होतं. त्यातला टाय लावलेला माणूस गाजर खाऊन इतका खूश झाला होता की तो इथला नाही हे कोणीही ओळखलं असतं. दवाखान्याची नर्स झुमराद घरोघर हिंडली, मोहल्ल्याच्या सभागृहात तिने मधुमेहाची शाळा भरवली. बायका आल्या. पुरुषांनी ‘येतो, येतो’ म्हणून तोंड लपवलं. शेवटी ती तपासणीचं यंत्र घेऊन थेट गापमध्ये आली.

“बोट पुढे करा, एक थेंब पुरे,” ती म्हणाली.

“आमच्यात साखर कुठली शोधतेस, पोरी?” योल्दोश म्हणाला. “माझ्या बायकोला विचार. चाळीस वर्षं शोधतेय बिचारी, तिला नाही सापडली.”

चायखाना हसून लोटपोट झाला. झुमराद कपाळाला आठ्या घालून निघून गेली. उमरझोक आका तेवढे हसले नाहीत. ते चहाच्या किटलीकडे असं बघत बसले, की जणू किटली काहीतरी महत्त्वाचं सांगणार होती.

कारण त्यांची साखर झुमरादला आधीच सापडली होती. बाहीखाली दंडावर एक बिल्ल्याएवढी चकती चिकटवलेली होती. ती रक्तातली साखर सारखी मोजायची आणि खिशातल्या फोनला कळवायची, आणि झुमरादच्याही. शिवाय जेवणाआधी पोटावर इन्सुलिनची सुई. हे घरात बायकोला, राबियाला ठाऊक, आणि झुमरादला. “बाहेर शब्द गेला, तर तुझ्या दवाखान्याच्या दारात आयुष्यात पाऊल ठेवणार नाही,” अशी त्यांनी झुमरादला धमकी दिली होती. मधुमेहाच्या शाळेतही ते एकदाच गेले, तेही सभागृहाची खिडकी दुरुस्त करायचं निमित्त काढून. तासभर पाठमोरे उभे राहून एकच खिळा ठोकत होते.

लाज साखरेची नव्हती. भीती ताटाची होती.

हैदराली त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या हातच्या पलोवसाठी माणसं शेजारच्या गावांतून यायची. त्याला हीच साखर झाली, त्याने ती अंगावर काढली आणि त्यात त्याचा पाय गेला. मग सगळे त्याच्याशी भयंकर चांगले वागायला लागले. तो उशिरा आला, तर ‘जाऊ द्या, आजारी माणूस’. किस्सा तोडला, तर ‘जाऊ द्या’. पलोवची त्याची पाळी आली, तर ‘तू कशाला त्रास घेतोस?’ आणि एके दिवशी ठरलं की त्याला इथवर यायची दगदग तरी कशाला, त्याचं ताट घरी पाठवू. ही कल्पना उमरझोक आकांचीच, आणि त्यांना तिचा अभिमानही वाटला होता. गरम पलोव, वर झाकायला मऊ रोटी, दर गुरुवारी न चुकता. पुढे पुढे ताट जसंच्या तसं परत यायला लागलं. हैदराली गेला त्या हिवाळ्यात आका लहान पोरासारखे रडले, पण ताट परत का यायचं हे त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. झुमरादच्या यंत्रावर स्वतःचा आकडा बघितला, त्या क्षणी शिरलं.

त्यामुळे गापमध्ये कोणाला काही कळता कामा नये, एवढाच त्यांनी निश्चय केला होता.

“पलोव सोडा असं मी म्हणतच नाही, आमाकी,” झुमरादने समजावलं होतं; ती त्यांना काका या अर्थाने आमाकी म्हणायची. “आधी काकडी-टोमॅटो भरपूर खा, मग मांस, मग मूठभर भात. फक्त सुई टोचली की ताट पुढ्यात हवं. उशीर चालायचा नाही.”

आता चायखान्यात सदरा वर करून सुई टोचायची कशी? आकांनी हिशेब केला. त्यांच्या राज्यात पलोव कधी उशिरा आला होता? उशिरा पलोव म्हणजे दंड! तेव्हा सुई घरीच टोचून निघायचं, चालत पोचायचं, चार शब्द बोलायचे, की ताट हजर. या गुरुवारी तर योल्दोशची पाळी, म्हणजे चरबी सढळ हाताने पडणार. म्हणून त्यांनी औषध जरा जास्तच घेतलं, आणि पोटात जागा राहावी म्हणून दुपारी काही खाल्लंही नाही.

“अहो, रोटीचा तुकडा तरी मोडा,” राबिया म्हणाली.

“तू मला शिकवू नकोस. मी सगळं मोजलंय,” ते म्हणाले आणि काठी आपटत निघाले.

चायखान्यात पोचले तर कढईत मांस-गाजर रटरटतंय आणि तांदळाचा पत्ता नाही. योल्दोश चोरासारखा उभा.

“तांदूळ भिजवायचा राहिला रे,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकाशी भांडत बसलो. आता टाकलाय पाण्यात. थोडी कळ काढा.”

“दंड!” उमरझोक आका गरजले.

“कबूल. बैस, चहा घे.”

पुढ्यात रोट्या होत्या, बेदाणे होते, आणि वाडग्यात पिवळ्याधमक खडीसाखरेचे, नोव्वोतचे, खडे. आकांनी वाडगा दूर सरकवला. इतके दिवस त्या खड्यांना शत्रू मानलं होतं, आज का तोंड लावायचं? ते नेमाने कोरा हिरवा चहा पीत राहिले.

हळूहळू त्यांना सगळ्यांचाच राग यायला लागला. मास्तर खोकले, त्यांना दंड. चुलीचा धूर इकडे आला, चुलीला दंड. तुतीचं एक पान चहाच्या पेल्यात पडलं, तेव्हा आकांनी मान वर करून झाडालाही दंड ठोठावला.

“पुढारी आज फुल फॉर्ममध्ये!” योल्दोशने मांडीवर थाप मारली. मंडळी पोट धरून हसत होती. आकांच्या सदऱ्याची मागची बाजू घामाने चिंब झाली होती आणि पेला हातात थरथरत होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

तेवढ्यात कुठेतरी एक फोन किंचाळला.

सगळ्यांनी आपापले फोन काढून हात वर केले, निर्दोष असल्यासारखे. मास्तरांनी तर दोनदा बघितलं. आवाज थांबेना. योल्दोश कान देत देत गालिच्यावरून रांगत आला आणि आका ज्या उशीवर बसले होते ती त्याने उचकटली. खाली आकांचा फोन.

“अगंबाई! पुढारी अंड्यावर बसलेत!”

काय आनंद झाला मंडळींना! इतक्या वर्षांचे दंड सगळ्यांच्या अंगात मुरलेले. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी कढई घासायला राख आणा म्हणालं. योल्दोश नाचतच होता. आकांनी त्याच्याकडे बघितलं, मायेने हसले आणि म्हणाले, “ये हैदराली, बैस. उभा का?”

योल्दोशचे पाय जागच्या जागी थांबले.

फोन परत वाजला. या वेळी पडद्यावर झुमरादचं नाव होतं. मास्तरांनी तो उचलला आणि तिचा आवाज अख्ख्या चायखान्यात घुमला. “आमाकींची साखर खाली गेलीय! माझ्या फोनवर दिसतंय! गोड द्या, आत्ताच्या आत्ता!”

“कसली साखर? कोणाची साखर?” मास्तर गोंधळले.

“मधुमेह आहे त्यांना! नोव्वोत द्या!”

“मधुमेह्याला नोव्वोत?” मास्तर ओरडले. “मारायचंय का त्याला?”

“न देऊन माराल! पाण्यात विरघळवा आणि घोट घोट पाजा! मी निघालेय!”

मास्तर अजून वाद घालणार होते, पण योल्दोशने नोव्वोतचे मूठभर खडे कोमट चहात कुस्करले, आकांचं डोकं छातीशी धरलं आणि पेला ओठांना लावला. “गीळ,” तो म्हणाला. “गीळ रे म्हाताऱ्या. मी हैदराली नाही, योल्दोश आहे. नीट बघ माझ्याकडे. गीळ.”

आकांनी गिळलं. पेला संपला, दुसरा केला. झुमराद सायकल भिरकावून धावत आत आली, तोवर त्यांच्या डोळ्यांत ओळख परतली होती. तिने बाही वर सारली, चकती तपासली, बोटातून थेंब काढून पाहिला, मग आधी रोटी खायला लावली आणि त्यानंतर सगळ्यांसमोर यथेच्छ झापलं. सुई घरी टोचून इथवर चालत येणं, दुपारी उपाशी राहणं, जास्तीचं औषध, काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. मंडळी मान खाली घालून ऐकत होती. उमरझोक आका एका गुरुवारी इतकं ऐकून घेतील, यावर आदल्या दिवशी कोणी विश्वास ठेवला नसता.

मग सगळं शांत झालं. इनोम मास्तरांनी आकांच्या पाठीमागे एक जास्तीची उशी सरकवली आणि हळुवार आवाजात म्हणाले, “फोनच्या दंडाचं जाऊ द्या हं. आजारी माणूस.”

“हो हो, जाऊ द्या,” सगळे म्हणाले.

साखर उतरली तेव्हा नव्हती वाटली एवढी भीती उमरझोक आकांना आता वाटली.

“जाऊ काय द्या?” ते सरळ बसायची धडपड करत म्हणाले. “फोन वाजला. माझाच होता. दंड करा!”

“अरे, पण ते औषधाचं यंत्र—”

“नियमात यंत्रबिंत्र काही नाही! मास्तर, तुमच्या सासऱ्याला ॲम्ब्युलन्समधून नेत होते, तेव्हा वाजला होता तुमचा फोन. सोडलं होतं मी?”

“नाही सोडलं,” मास्तर अजूनही दुखावलेल्या आवाजात म्हणाले.

“मग मला का सोडता? मी काय केलंय तुमचं?” हे म्हणताना त्यांचा आवाज फाटला. पुढाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मंडळींनी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे कुठे बघावं ते कोणाला कळेना. “आज दंड सोडाल, मग पाळी सोडाल, मग माझं ताट घरी पाठवाल. मीच शिकवलंय तुम्हाला ते. मला दंड करा रे.”

योल्दोशने नाक पुसलं, घसा खाकरला.

“दोनदा वाजला,” तो म्हणाला. “एकदा यंत्र, एकदा झुमराद. दोन दंड. पुढचे दोन पलोव उमरझोकचे, आणि कढईही दोन्ही वेळा. शिवाय आमच्यापासून लपवल्याचा वेगळा दंड, तो सवडीने ठरवू.”

“हा अन्याय आहे!” उमरझोक आका म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले.

पुढच्या गुरुवारी त्यांनी पलोव केला. भात नेहमीपेक्षा कमी, मांस आणि मोहरीएवढा बारीक चिरलेला कांदा-टोमॅटो जास्ती. कढईवरचं झाकण काढायच्या आधी त्यांनी नवा नियम जाहीर केला. बोटातून थेंब दिल्याशिवाय कोणालाही ताट मिळणार नाही, आणि ज्याला सुई घ्यायची असेल त्याने ती इथेच, ताट पुढ्यात आल्यावर, सगळ्यांसमोर घ्यायची. झुमराद यंत्र घेऊन दारातच बसली होती. महिनोन्महिने भिंतीवरच्या हुकमाला जे जमलं नव्हतं, ते पलोवच्या वासाने झालं. खरबुजवाले, मास्तर, चायखान्याचा मालक, सगळे ओळीने बोटं पुढे करून उभे.

आका सदरा वर करून सुई टोचायला लागले, तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून घेतले. त्यांना भित्रेपणाचा दंड झाला.

योल्दोश सगळ्यात शेवटी गेला. “बघ पोरी, कडूच निघणार,” म्हणत त्याने बोट दिलं. झुमरादने आकडा पाहिला, नवी पट्टी लावून परत पाहिला, आणि हलकेच म्हणाली, “उद्या सकाळी काही न खाता दवाखान्यात या, आमाकी. नक्की या.”

योल्दोश जेवला, पण मांजराएवढा. किस्सा सांगा म्हटलं तर घसा बसलाय म्हणाला.

जेवणं झाली. उमरझोक आका बाह्या सरसावून कालव्याकाठी उकिडवे बसून कढई घासत होते. योल्दोश त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. मग इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून खाली वाकला.

“उमरझोक,” तो म्हणाला, “माझं ताट घरी पाठवणार का रे तू?”

आकांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. एवढा आडदांड माणूस, आणि खालचा ओठ पोरासारखा हलत होता. आकांना उठून त्याला मिठी मारावीशी वाटली. त्यांनी ती मारली नाही. घासणी त्याच्या हातात कोंबली.

“गापमध्ये कुजबुजायचं नाही,” ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. “दंड!”

“असा नियमच नाही!” योल्दोश उसळला.

“आजपासून आहे. घास.”

योल्दोश खाली बसला आणि शिव्या देत देत घासायला लागला.