पायरीचा दगड

काळा दगड डोळ्यांनी ओळखणं अवघड नाही. दाणे दिसू नयेत इतका बारीक, उचलावा तर अंदाजापेक्षा जड, आणि उकळत्या लाव्हारसातून वायू निसटला तिथे भोकं. एवढं खाणीवरचं कुणीही सांगेल. पण आत चीर आहे की नाही, हे हातोडीचा टोला मारून कानानेच कळतं. चांगला दगड खणखणीत वाजतो, चिरलेला बद्द. चाळीस वर्षं म्हातारा पारखी त्या कानावर जगला होता, आणि त्याचा तोराही होताच. हल्ली सगळे त्याच्याशी ओरडून बोलत. माणसं उद्धट झालीत, असं त्याचं मत होतं.

त्या सोमवारी मात्र एकही दगड धड वाजेना. तिसरा ढीग बाद झाल्यावर मुकादम आला.

"काका, डोंगराशी भांडण झालंय का? सगळेच बाद?"

"डोंगर आतून फुटलाय. सुरुंगात दारू जास्त भरता तुम्ही."

मुकादमाने एक दगड करवतीखाली घातला. आत केसाएवढीही चीर नव्हती. दुसरा कापला, तिसरा कापला. एरवी लगेच टिंगल करणारा मुकादम गप्प राहिला, हेच पारख्याला जास्त लागलं.

"काका, उद्यापासून घरीच आराम करा," तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला.

पारखी भर दुपारी घरी आला आणि दाराशी थांबला. दारातली पायरी त्याने लग्नाच्या वर्षी स्वतः निवडली होती. साऱ्या खाणीत तिच्यासारखा वाजणारा दगड नव्हता. येताजाता तो तिच्यावर हातोडी वाजवायचा, म्हणून बायको पायरीला सवत म्हणायची. अलीकडे मात्र गुडघ्यांमुळे त्याचं वाकणं बंद झालं होतं.

तो कसाबसा खाली बसला. टोला मारला. बद्द. जोर लावून मारला. तरी बद्द.

त्याच्या जिवात जीव आला. पायरीसुद्धा गेली म्हणजे दोष दगडाचाच, सगळ्या डोंगराचाच. मुकादमाला इथे आणून दाखवायचं, असं ठरवून त्याने सगळा जीव एकवटून तिसरा टोला हाणला आणि मान वर केली.

दारात बायको उभी होती. डोळे गच्च मिटून, दोन्ही हात कानांवर दाबून.